पूर्वेकडची भिंत

“पूर्वेकडच्या भिंतीला हात लावायचा नाही. साधा खिळासुद्धा ठोकायचा नाही. कळलं?”

मिलुटिन हे दर उन्हाळ्यात एकदा तरी म्हणायचा, आणि म्हणताना हातातला कॉफीचा कप खाली ठेवायचा. कप खाली ठेवून बोललेली गोष्ट गंभीर असते, हे देसांकाला लग्नाच्या पहिल्याच वर्षी समजलं होतं. तिनं कधी कारण विचारलं नाही. नवऱ्याची हयात ओपल रत्नांच्या खाणीत गेलेली. कुठला खडक कधी डोक्यात पडेल ते त्याला कळत असणार. वाळवंटातल्या या कूबर पीडी गावात घरं टेकडी पोखरून केलेली. वर ऊन सत्तेचाळीस अंशांवर खदखदत असलं तरी आत बारा महिने चोवीस. अशा घरात भिंतीशी वाकड्यात शिरू नये.

मिलुटिन जाऊन चार वर्षं झाली होती. त्या भिंतीवर अजून त्याचा लाल गालिचा लटकत होता आणि गालिच्यापाशी त्याची खुर्ची होती. तो असताना, दुपारी देसांका आतल्या खोलीत आडवी झाली की त्या खुर्चीत बसून हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटत राहायचा.

“काय करत होतास रे एवढा वेळ?” ती उठल्यावर विचारायची.

“प्रार्थना,” तो म्हणायचा.

तरुणपणी ज्याला चर्चमध्ये ओढून न्यावं लागे तो माणूस साठी ओलांडल्यावर दुपार-दुपार प्रार्थना करतो, हे देसांकानं सगळ्या बायकांना सांगितलं होतं. आपल्या उपासतापासांचं फळ, दुसरं काय! बुधवार, शुक्रवार, मोठे उपास, छोटे उपास, सगळं तिनं त्याच्याकडूनही करवून घेतलं होतं. एवढे उपास करूनही त्याचं वजन कसं वाढतं, हे मात्र तिला कोडं होतं. देवाची कृपा अंगी लागते म्हणतात, ती अशी असेल, अशी तिनं समजूत घातली होती.

आज एकोणीस डिसेंबर, इथला ऐन उन्हाळा, आणि संत निकोलाचा दिवस. सकाळी साडेसातलाच ॲडलेडहून लेकीचा, ब्रांकाचा फोन आला.

“आई, रेडिओवर सांगतायत, तुमच्याकडे रस्त्याचं डांबर वितळलंय म्हणे.”

“डांबर दर वर्षी वितळतं ग. त्यात काय.”

“अगं पण येणार कोण आज? अर्धं गाव समुद्राकडे पळालंय. मिर्याना मावशी तर इथे माझ्या शेजारच्या गल्लीत राहतेय भाचीकडे.”

“संत निकोला आणेल कोणाला तरी.”

“गेल्या वर्षी आणलं?”

मिलुटिन गेल्यापासूनचा हिशेब देसांकाला पाठ होता. पहिल्या वर्षी सहा जण आले होते. दुसऱ्या वर्षी दोन. गेल्या वर्षी तिनं सात ताटं मांडली होती आणि रात्री सातही ताटं तशीच उचलून फडताळात ठेवली होती. घासली मात्र होती. न वापरलेली ताटं घासताना हात कसे जड होतात, ते कोणाला सांगून कळत नाही.

“हे बघ आई,” ब्रांका मऊ आवाजात म्हणाली, “आज सूर्य मावळेपर्यंत एक जरी पाहुणा आला तरी मी पुन्हा विषय काढणार नाही. पण नाही आला, तर जानेवारीत सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं. मेणबत्ती इथे लावू. मान्य?”

“मान्य,” देसांका म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. दिलेला शब्द मागे घेण्याची सवय तिला नव्हती. नेम धरला की धरला.

संत निकोला हा मिलुटिनच्या घराण्याचा संत. त्याच्या दिवशी कोणाला आमंत्रण द्यायचं नसतं. मेणबत्ती लावायची, दार उघडं ठेवायचं आणि वाट बघायची. जो आपणहून येईल तो पाहुणा, मग तो वैरी का असेना. ही रीत सर्बियाच्या डोंगरात ठरली, तिथे उघड्या दारातून फार तर बर्फ येतं. इथे उघड्या दारातून भट्टी आत येते. गेल्या वर्षी तिनं घाबरून दार लावून घेतलं होतं, आणि मग वर्षभर मनाला खात बसली होती की, कोणी आलं असेल आणि बंद दार बघून परत गेलं असेल तर? म्हणून या वेळी तिनं दाराच्या फटीत वीट ठेवली. वीतभर फट. रीतही पाळली जावी आणि तळलेले मासे परत शिजू नयेत.

मेणबत्तीचं दुखणं निराळंच होतं. मधमाश्यांच्या शुद्ध मेणाची, हातभर लांब अशी ती ॲडलेडच्या चर्चमधून बसनं आली होती. बसच्या पोटात एक रात्र आणि थांब्यावरच्या पत्र्याच्या खोलीत एक दुपार काढून ती अशी वाकली होती, की टेबलावर उभी केली तर टेबलाखाली काही पडलंय का ते बघतेय असं वाटावं. सरळ करायला देसांकानं तिला गार पाण्याच्या नळाखाली धरलं. पण डिसेंबरात गार पाण्याच्या नळाला आंघोळीचं पाणी येतं, हे गडबडीत ती विसरली. मेणबत्ती आणखी लोळागोळा झाली. मग तिनं तिला पोळपाटावर घेऊन लाटण्यानं लाटली. सरळ झाली, पण उंची गेली आणि रुंदी आली.

“असू दे,” देसांका तिला म्हणाली. “या वयात सगळ्यांचंच होतं तसं.”

दुपारी बारा वाजता तिनं प्रार्थना म्हटली, मेणबत्ती पेटवली, आणि ती विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. दाराच्या फटीतून आलेला वारा खोलीतून थेट छताच्या हवेच्या नळकांड्यात चालला होता, आणि टेबल बरोबर त्याच्या वाटेत होतं. दार लावावं तर पाहुणा परत जाणार. नळकांडं बंद करावं तर गुदमरायला होणार. तिनं पुठ्ठा आडवा लावला. पुठ्ठा गव्हाच्या खिरीत पडला. घरात छत्री उघडून ठेवली. छत्री गरगरत जाऊन पावाला टेकली. शेवटी ती स्वतःच वाऱ्याला पाठ देऊन मेणबत्तीपुढे उभी राहिली. ज्योत स्थिर झाली. पाच मिनिटांनी तिच्या लक्षात आलं, की आता पाहुणा आला तरी आपल्याला दारापर्यंत जाता येणार नाही.

खोलीत वारा न लागणारी एकच जागा होती. पूर्वेकडची भिंत.

देसांका गालिच्याकडे बघत राहिली. तसं पाहिलं तर संताची तसबीरही पूर्वेलाच हवी. मिलुटिनच्या हुकमामुळे ती चुलीजवळ लटकत होती, आणि दर भेटीत पाद्रीबाबा म्हणायचे, “काय देसांका, संताला भाजी करपली का बघायला बसवलंयस वाटतं?” एक छोटा कोनाडा. मेणबत्तीपुरता. वीतभर खोल. मिलुटिननं खिळा ठोकू नकोस म्हटलं होतं. कोनाड्याचं नाव काही त्यानं घेतलं नव्हतं. ही पळवाट आहे हे तिला कळत होतं, म्हणून तिनं तसबिरीपुढे क्रुसाची खूण केली, माफी मागितली आणि मगच मिलुटिनची छोटी कुदळ शोधून आणली.

गालिचा काढल्यावर तिला भिंतीत ताटलीएवढा गोल दिसला. आसपासच्या खडकापेक्षा जरा फिका, जरा गुळगुळीत. जागा मऊ दिसते, बरं झालं, असं तिला वाटलं. खाणीतली माणसं खडकाला हात घालण्याआधी तो ठोकून बघतात. भरीव आवाज आला तर खडक शहाणा, पोकळ आला तर वेडा. देसांकानंही कुदळीच्या दांड्यानं ठोकलं. एक, दोन, तीन.

आवाज वेडा आला. आणि मग भिंतीनं उत्तर दिलं.

टक. टक.

देसांकाच्या हातून कुदळ सुटली ती पायाच्या बोटापासून दोन इंचांवर पडली. तिनं तीनदा क्रूस केला. चार वर्षं ज्याच्या आत्म्यासाठी ती रोज दिवा लावत होती, तो त्याच्याच खुर्चीमागून ठोकत होता! तिनं पुन्हा ठोकलं. तीनदा.

टक. टक.

“मिलुटिन?” ती कुजबुजली.

“मिलुटिन?” भिंतीतूनही त्याच क्षणी आवाज आला.

देसांका घाबरली होती खरी, पण तिचं डोकं जागेवर होतं. मेलेला माणूस स्वतःलाच कशाला हाक मारेल?

“कोण आहे तिकडे?” तिनं आवाज चढवला.

“आधी तुम्ही सांगा!” भिंत म्हणाली. “जिवंत आहात का?”

“मी जिवंत आहे! तू कोण रे मेल्या?”

काहीतरी ढकलल्याचा आवाज झाला. फिका गोल थरथरला, ओल्या मातीच्या पापुद्र्यासारखा फुटला आणि सगळाच्या सगळा देसांकाच्या पायाशी कोसळला. धूळ खाली बसली तेव्हा भिंतीत ताटलीएवढं भोक होतं, भोकात एक पांढरी भुवई होती आणि भुवईखाली एक पाणावलेला डोळा.

तो डोळा तिनं अठरा वर्षांत पाहिला नव्हता, पण ओळखला.

“कोस्मास!”

टेकडीच्या पलीकडच्या अंगाला राहणारा ग्रीक कोस्मास. मिलुटिनचा एके काळचा खाणीतला जोडीदार. अठरा वर्षांपूर्वी पंचवीस डिसेंबरला ग्रीकांचा नाताळ झाला होता, आणि सर्बांचा व्हायला तेरा दिवस बाकी होते, म्हणजे देसांकाच्या घरी कडक उपास होता. त्या दिवशी मिलुटिन कोस्मासकडून परतला तो मिशांना कोकराची चरबी लावून. देसांकानं आकांत मांडला. तसबिरीवर हात ठेवून तिनं नवऱ्याकडून शपथ घेतली होती: त्या माणसाच्या उंबऱ्यावर पुन्हा पाऊल ठेवणार नाही.

“माझं घर पोखरतोस?” ती कडाडली. “माणूस गेल्यावर एकट्या बाईची भिंत फोडतोस?”

“मी कुठे फोडली, वहिनी? हे भोक मिलुटिननं पाडलंय. तो गेल्यावर मी फक्त मातीनं बुजवलं होतं.”

“खोटं! मिलुटिननं शपथ घेतली होती. मरेपर्यंत पाळली त्यानं!”

“पाळलीच की,” कोस्मास आदरानं म्हणाला. “एकदासुद्धा उंबऱ्यावर पाऊल ठेवलं नाही. फार वचनाचा माणूस. तो तिकडे खुर्चीत बसायचा, मी इकडे. तीनदा ठोकलं की तो आला, दोनदा ठोकलं की मी आहे.”

देसांका मटकन खुर्चीत बसली. खुर्चीची पाठ भिंतीला टेकते, आणि बसलं की कान बरोबर भोकाशी येतो, हे तिला आज कळलं. हुकूम कुठल्या वर्षी सुरू झाला होता? कपाळाला आठ्या घालून तिनं हिशेब केला. बरोबर. कोकराच्या त्याच उन्हाळ्यात.

“चौदा वर्षं?” ती क्षीण आवाजात म्हणाली. “रोज दुपारी?”

“तुम्ही झोपलात की.”

“तो म्हणायचा, प्रार्थना करतो.”

“अधूनमधून देवाचं नाव घ्यायचा. बुद्धिबळात हरायला लागला की.”

देसांकानं डोळे मिटले. मग एक भयंकर विचार येऊन तिनं ते उघडले.

“कोस्मास. खरं सांग, आज संताचा दिवस आहे. या भोकातून नुसतं बोलणंच यायचं का?”

भोकातला डोळा बाजूला झाला.

“कधी कधी एखादं सॉसेज,” कोस्मास म्हणाला.

“बुधवारी?”

“वहिनी, इतर दिवशी तो तुमच्याच हातचं जेवायचा की.”

देसांकाच्या तोंडून आधी कसलातरी आवाज निघाला, मग तिचे खांदे हलू लागले, आणि हे रडणं आहे की हसणं, ते तिचं तिलाही कळेना. देवाची कृपा! चौदा वर्षं तिनं ज्या कृपेबद्दल मेणबत्त्या लावल्या ती या भोकातून कागदात गुंडाळून येत होती. तिनं पदरासारखा ॲप्रन तोंडाला लावला आणि डोळे पुसले.

“रडू नका हो,” पलीकडून आवाज आला. “हे घ्या.” भोकातून स्वच्छ, इस्त्री केलेला रुमाल आला. रुमालामागे काळ्या कोटाची बाही होती.

“या उन्हात कोट कशाला घातलायस?”

“संत निकोलाचा दिवस ना.”

तेवढ्यात फोन वाजला. ब्रांका.

“आई, कोणी आलं का ग?”

देसांकानं दाराकडे पाहिलं, मग भिंतीकडे. “तसं आलंय आणि तसं नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे भिंतीतून आलंय. दारातून अजून यायचंय.”

“आई, पाणी पितेयस ना नीट? डोकं दुखतंय का? मी डॉक्टरांना फोन करू?”

“मी ठणठणीत आहे. सूर्य मावळायला अवकाश आहे. तेवढा शब्द दिलायस तू, विसरू नकोस.” तिनं फोन ठेवला.

“शब्द कसला, वहिनी?” भोकानं विचारलं.

मग तिनं सांगितलं. सात ताटांचं, विटेचं, जानेवारीत बांधायच्या सामानाचं. चार वर्षांत इतकं ती सलग कोणाशी बोलली नव्हती. शेवटी पलीकडे कोस्मास खाकरला.

“शब्द मीसुद्धा दिलाय एक. त्यानं शेवटच्या आठवड्यात घेतला माझ्याकडून. आवाज उरला नव्हता त्याचा, भोकात कान घालून ऐकावं लागलं. म्हणाला, संत निकोलाच्या दिवशी तिला एकटीला ताटावर बसू देऊ नकोस. पण भिंतीतून जाऊ नकोस हं, घाबरेल ती. दारातून जा.”

“मग आला का नाहीस?” देसांकाचा आवाज बारीक झाला.

“आलो होतो की! पहिल्या वर्षी दारात गाड्या दिसल्या, म्हटलं माणसं आहेत, माझं काय काम. दुसऱ्या वर्षी तुम्ही आतून कोणावर तरी फोनवर ओरडत होतात, मी आल्या पावली परत. गेल्या वर्षी धीर करून घंटीवर बोट ठेवलं.”

“मग?”

“बोट भाजलं. घंटी दिवसभर उन्हात होती. ठणाणा करत पळालो ते घरी येऊन दह्यात बोट बुडवलं. फोड यायला आणि धीर जायला एकच गाठ पडली.”

देसांकाला गेल्या वर्षीची दुपार आठवली. बंद दार, सात ताटं, आणि दाराबाहेर बोट चोखत उभा असलेला कोट घातलेला म्हातारा. दोघांच्या मध्ये लाकडाची एक फळी होती.

“आत्ताच येतो मी,” कोस्मास म्हणाला. “भोक मोठं करू का? माझ्याकडे यंत्र आहे.”

“खबरदार! संताच्या दिवशी पाहुणा भिंतीतून? दारातून यायचं. आणि आत्ता नाही. चार वाजलेत, वाटेत सुकट होईल तुझी. ट्रक कुठाय?”

“बॅटरी गेली उन्हानं. चालतच यायला हवं. टेकडीला वळसा, अर्धा तास.”

“मग सावली पडू दे. सातला रस्त्यावर सावली येते.”

“सातला निघतो,” कोस्मास म्हणाला. “सूर्याच्या आधी पोचतो.”

मग दोघं आपापल्या खुर्चीत बसून सात वाजायची वाट बघू लागले. कोस्मासनं सांगितलं, बायको गेल्यापासून तो रोज दुपारी या खुर्चीत बसतो. सवय आहे म्हणून. मिलुटिन गेल्यावरही गेली चार वर्षं बसतोय. देसांकानं त्याला मेणबत्तीची कर्मकथा सांगितली.

“पण कोनाडा कशाला?” तो म्हणाला. “बरणीत ठेवा की, वहिनी. काचेच्या.”

देसांकाच्या फडताळात लोणच्याच्या बेचाळीस रिकाम्या बरण्या होत्या. ती उठली, एक बरणी पुसली आणि मेणबत्ती आत उभी केली. बुटकी, जाडी मेणबत्ती बरणीत अगदी मापात बसली. ज्योत हलली नाही.

“पेटली का?” भोकानं विचारलं.

“पेटली.”

“मिलुटिन म्हणायचा, तुम्ही एकदा मनावर घेतलं की भिंतसुद्धा बाजूला होते.”

“आणखी काय म्हणायचा?”

“कुरकुर करायचा. उपास फार करायला लावते म्हणायचा. आणि मग घड्याळ बघून म्हणायचा, चल, आता ती उठेल. रोज. तुम्ही उठायच्या पाच मिनिटं आधी.”

देसांकानं खिरीवरची धूळ चमच्यानं काढली, पाव झटकला, दोन ताटं मांडली. पाच ताटं फडताळात राहू दिली. पावणेसातला पलीकडे हालचाल सुरू झाली. नळ वाहिला, टॉवेल पिळल्याचा आवाज आला. कपाट उघडलं, काहीतरी शोधलं गेलं.

“टोपी घाला,” ती भोकात म्हणाली. “आणि पाण्याची बाटली. आणि हे बघा भावजी, आज मासे आहेत. सॉसेज आणायचं नाही.”

“नाही आणत,” कोस्मास म्हणाला. कागद चुरगळल्याचा आवाज आला आणि काहीतरी परत फ्रिजमध्ये गेलं.

“आणि घंटी वाजवू नका. भाजेल. दार उघडंच आहे.”

भिंतीवर हळूच दोनदा टकटक झाली. मग पलीकडची खुर्ची मागे सरली, जुने बूट फरशीवरून गेले, आणि लांब, टेकडीच्या दुसऱ्या टोकाला, एक दार उघडून बंद झालं. देसांका उठली आणि तिनं आपल्या दाराच्या फटीतली वीट काढून दार सताड उघडलं.